आवाज न करणारी वाटी

आमचे शेजारी गमरेभाऊ वाटी कशी पारखतात, ते एकदा बघायलाच हवं. डोळे मिटतात, हात खांद्यापर्यंत नेतात आणि वाटी खुशाल फरशीवर सोडून देतात. मग मान तिरकी करून ऐकतात. ‘‘नापास,’’ म्हणतात आणि तिला परत भिजत घालतात.

वाट्या त्यांच्याच हातच्या, उसाच्या चिपाडांच्या. चिपाडं गोडदेव नाक्यावरच्या रसवाल्याकडून आणायचे; त्याला वाटायचं, हे घरात म्हैस पाळतात. ‘‘किस मंज़िल पे बाँधी है?’’ असं त्यानं मला हळूच विचारलं होतं. भाऊ चिपाडं सोडा टाकून उकळतात, धुतात, मिक्सरमधून लगदा काढतात, त्यात तांदळाची खळ घालतात आणि दोन स्टीलच्या वाट्यांमध्ये धरून गाडीच्या जॅकनं दाबतात. मग गच्चीवर वाळवण. हे बंद करा म्हणून सोसायटीनं नोटीस लावली, तर भाऊंनी तिचाही लगदा केला.

पहिल्या वाटीतला चहा थेट माझ्या पँटवर आला. आवाजात मात्र ती पास होती.

जन्मभर भाईंदरच्या एका गाळ्यात भाऊंनी प्लॅस्टिकचे पेले काढले. मी म्हटलं, मग प्लॅस्टिकचीच वाटी आणा की. ‘‘गरम खिरीला? मीच बनवलंय ते. मला नका शिकवू.’’

‘‘पण आवाजाचं एवढं काय?’’

ते जॅक पुसत राहिले. ‘‘लकव्याच्या झटक्यापासून हिचा हात थरथरतो. स्टीलची वाटी पडली की सगळे वळून बघतात. मग ही उठून जाते.’’

खरंच, दोन वर्षांत वहिनींना मी चारचौघांत जेवताना पाहिलं नव्हतं. ‘माझं झालंय’ म्हणून त्या आतल्या खोलीत जायच्या.

बुद्धपौर्णिमेला भाऊंनी आम्हां नवराबायकोला खिरीला बोलावलं. वहिनी बसल्या, दाराच्या बाजूला, उठायच्या तयारीनं. अर्धी खीर झाली असेल, तोच त्यांच्या हातातून वाटी निसटली.

माझी बायको भाजीवाल्याची नक्कल करत होती. तिची नक्कल चालूच राहिली. मीही पाहिलं नसतं, पण भाऊंनी मान तिरकी केली होती.

त्यांनी दुसरी वाटी भरून वहिनींच्या पुढ्यात ठेवली, फरशी पायानंच पुसली.

वहिनी दाराकडे बघत होत्या. मग मांडी नीट घालून बसल्या, एक घास घेतला आणि म्हणाल्या, ‘‘वेलची कमी पडलीय हो.’’