माइकवर घेतलेलं नाव

बायजाने गेल्या सेहेचाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, असं आईने लग्नाच्या आदल्या दिवशी बजावलं होतं, आणि बायजाला नवरा लांब पल्ल्याचा हवा होता. अडचण एवढीच, की नवऱ्याचं नाव होतं भीमा. दुसरं साधंसुधं नाव असतं तर निभावलं असतं. या नावाने तिला चहूकडून घेरलं होतं. घरामागच्या डोंगरावर भीमाशंकर. त्याला ती 'वरचा देव' म्हणायची. घाटापलीकडची नदी म्हणजे 'ती पल्याडची'. पांडवांतला तो 'गदावाला'. कीर्तनात बुवा दमयंतीच्या बापाचं, विदर्भाच्या भीमराजाचं नाव घेऊ लागले की ही पदर पुढे ओढून जमिनीकडे बघायची. शेजारचा चांगो सकाळी "जय भीम, वैनी" म्हणाला की हात जोडायची. "जय. फुडचं माज्या वाटचं तुमीच म्हना," म्हणायची, आणि चांगो हसत दोनदा म्हणायचा.

त्या दिवशी कर्जतच्या एका शाळेत, मोतीबिंदू काढलेल्यांना तपासून घरी सोडायचं होतं. भीमाला बाकावर बसवून, त्याचा मोबाइल आपल्या पिशवीत टाकून, बायजा डोळ्यात घालायचे थेंब आणायला रांगेत उभी राहिली. परत येते तर बाक रिकामा. पटांगणात साठेक म्हातारे, सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि एका डोळ्यावर हिरवी पट्टी. बायजाने ओळखीच्या पाठीचा एक गाठला, कोपराला धरून फाटकापर्यंत आणला, तेव्हा तो बिचारा म्हणाला, "बाय, तू माझी नाय वाटतं."

फाटकाशी दोन टेंपो उभे होते, एक तिच्या गावचा, खांडसचा, आणि एक खालापूरचा. एका डोळ्याचा माणूस चुकीच्या टेंपोत बसला तर कुठल्या गावात उतरेल, याचा बायजाला भरवसा वाटेना. ती माइकवाल्या मुलीकडे धावली. मुलगी कॉलेजातली, फिझा नावाची. नावांची यादी डॉक्टरांच्या गाडीतून पुढे गेली होती.

"आजोबांचं नाव सांगा, आजी."

"कराळे."

"कराळे बारा तरी पुकारलेत सकाळपासून. पहिलं नाव?"

बायजाने पदराचं टोक दातात धरलं. फिझाच्या लगेच लक्षात आलं. तिची नानीही नानांना जन्मभर 'तस्लीमचे अब्बा'च म्हणत आली होती. तिने खूण विचारली.

"आमच्या वरच्या देवाचं अर्धं नाव," बायजा म्हणाली.

फिझाने डोंगराकडे पाहिलं आणि खूश होऊन नेमकं चुकीचं अर्धं उचललं. शंकर कराळे पुकारल्याबरोबर हजर झाले. मग बायजाने सांगितलं, हातात गदा असते, अंगात ताकद असते. मारुती कराळे आले. शेवटी तिने नदीची खूण दिली, घाटापलीकडची, लई मोठी; त्यावर गंगाराम कराळे आले आणि जेवण कुठे आहे ते विचारू लागले. तिघेही सज्जन होते, पण बायजाचा त्यांत एकही नव्हता.

तेवढ्यात खालापूरच्या टेंपोने इंजिन सुरू केलं. आयुष्य शाबूत ठेवून माणूसच हरवला तर ते आयुष्य काय चुलीत घालायचं? बायजाने माइक ओढून घेतला आणि डोळे मिटले.

"भीमा कराळे," ती म्हणाली आणि घाईघाईने पुढे, "वरच्या देवा, हे मोजू नको रं बाबा."

कोणीही आलं नाही. बायजा मटकन खाली बसली.

"नाव बी गेलं आनि मानूस बी," ती रडत म्हणाली.

फिझा तिच्याजवळ उकिडवी बसली. "आजी, घरात कशी हाक मारता त्यांना?"

बायजाने नाक पुसलं आणि बसल्या जागीच माइकमध्ये म्हणाली, "अवं, ऐकलं का?"

पटांगणातल्या नऊ म्हाताऱ्यांनी एकदम माना वळवल्या. आणि खालापूरच्या टेंपोतून एक हिरवी पट्टी बाहेर डोकावली. "काय गं?"

त्याला उतरवून घेताना बायजाने मनसोक्त तोंडसुख घेतलं. नावाने पुकारलं तेव्हा कान कुठे होते, असंही विचारलं.

"आयकलं की. मला वाटलं, कुना बाईचा भीमा हरवलाय. तू कशाला माजं नाव घेशील?"

"मीच घेतलं," बायजा हळूच म्हणाली. "आता तुमची वर्सं कमी व्हनार."

भीमाने उघड्या डोळ्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "मला लागलंच नाय गं ते. हाक पोचलीच नाय, तर वर्सं कशी कमी व्हतील?"

हा हिशेब बायजाला लगेच पटला. तिचा जीव भांड्यात पडला आणि दोघं खांडसच्या टेंपोत जाऊन बसली. टेंपो हलल्यावर भीमा तिच्याकडे सरकला.

"आता कानात घे की एकदा," तो म्हणाला. "दोन वर्सं गेली तर गेली."

बायजाने त्याला कोपराने ढोसलं आणि लाजून बाहेर बघत राहिली. गाव येईपर्यंत तिने विचार केला. मग आजूबाजूचे कराळे पेंगतायत अशी खात्री करून ती त्याच्या कानाशी वाकली.