शेपटीजवळची पिशवी

"माझ्या नातवाला सुई टोचायची न्हाई," धुरपताबाईंनी सकाळीच जाहीर केलं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. त्यांची सून विशाखा; तिचा नवरा तिथल्या नव्या कचेरीत कारकून. तो शनिवारी यायचा. पाण्याच्या टँकरचा मात्र भरवसा नव्हता. त्यात गल्लीत डांग्या खोकला शिरला होता. शेजारच्या विठाबाईंचं लेकरू परवा त्यातच गेलं, आणि तेव्हापासून विशाखा आपल्या तान्ह्याच्या छातीला कान लावून बसायची. शुक्रवारी नर्सबाई लस टोचायला शाळेत येणार होत्या. नंतर कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आत्याबाई, मानमोडीच्या साथीत गावच्या कोंबड्या मेल्या. तुमच्याच कशा राहिल्या?"

"टोचल्या व्हत्या म्हणून."

"मग?"

"कोंबडीचं येगळं आसतंय."

विशाखा देगलूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. तिला राहवलं नाही. "कोंबडीच्या शेपटीजवळ आत एक पिशवी असते. रोगाशी लढणारे शिपाई तिथं तयार होतात. लस त्यांना रोग ओळखायला शिकवते. लेकराचंही तसंच."

धुरपताबाई बराच वेळ कोंबड्यांकडे बघत राहिल्या. विशाखाला वाटलं, पटलं.

दुपारी अंगणात पिसं उडाली. म्हातारी कोंबडी कापून धुरपताबाई आत बोटं घालून चाचपत होत्या.

"कुठाय गं तुझी पिशवी?"

"अहो, कापली कशाला?"

"तुला खाऊ घालायला. तुझ्या दुधातून लेकरात शिपाई उतरतील. सुईची गरजच न्हाई. पण हितं तर काईच न्हाई! कालेजात खोटं शिकवायलेत व्हय?"

खोटं म्हटल्यावर विशाखाला झोंबलं. "खोटं नाही. कोंबडी मोठी झाली की पिशवी आक्रसून जाते. ती पिल्लांत असते."

शब्द तोंडातून गेला आणि तिने जीभ चावली. संध्याकाळपर्यंत दोन पिल्लं गेली. पिशवी मात्र सापडली, हरभऱ्याएवढी, पांढुरकी. धुरपताबाईंनी ती तव्यावर परतून ताटात वाढली.

"खा. शिपाई हायेत."

"शिजवल्यावर शिपाई मरतात, आत्याबाई."

"आसं?" धुरपताबाईंनी उरलेल्या पिल्लाकडे पाहिलं. "मग कच्चं—"

"नको!" विशाखाने घास गिळला. रबर चावल्यासारखं लागलं. बाहेर कुणाचं तरी पोर ढास लागून कोकलत होतं. तिने पाळण्याकडे धाव घेतली, आपलं नव्हतं.

शुक्रवारी शाळेची घंटा झाली. धुरपताबाई दारात आडव्या बसल्या होत्या.

"येक सांग. लेकराची पिशवी कुठं आसती? तीच वाढवू."

विशाखाला उत्तर पाठ होतं. माणसात ते काम हाडांच्या पोकळीत चालतं. तोंड उघडता उघडता तिचं लक्ष दावणीच्या शेळीकडे गेलं. तिच्या पायांची हाडं चांगली जाड होती, आणि लेकराचं वरचं दूध तिचंच होतं.

"माणसाला ती पिशवीच नसते, आत्याबाई," ती म्हणाली. एवढं तर पुस्तकातही होतं.

"काय? पिशवीच न्हाई?" धुरपताबाई ताडकन उठल्या. "बिनपिशवीचं लेकरू घेऊन बसलीस कामून? ऊठ, टोचून आण!"

विशाखाने लेकराला पदराखाली घेतलं आणि उंबरा ओलांडला. मागून आवाज आलाच.

"शिकलेली म्हणं! हे आधी सांगितलं आसतंस तर माझ्या कोंबड्या तरी वाचल्या आसत्या!"