पिकलेली रजा

कोकणातल्या पावस गावच्या त्या आंबा कंपनीत आंब्याखेरीज बघण्यासारखं काही असेल, तर ती आपण सजवलेली वेबसाइट, असं गौरवचं ठाम मत होतं! साइट फक्त कर्मचाऱ्यांसाठी. रजेचे अर्जसुद्धा तिच्यावरच.

"शब्दांची गर्दी कशाला? रंग बोलतील!" त्याने फोनवर सानिकाला ऐकवलं. शुक्रवारी दापोलीत तिच्याशी त्याचा साखरपुडा होता, आणि मालकांनी, म्हणजे आप्पांनी, त्याची रजा मंजूरही केली होती. त्या खुशीत पठ्ठ्याने साइटचं रंगरूप ठरवणारी स्टाईलशीट उघडून चार ओळी फिरवल्या. 'मंजूर', 'नामंजूर' हे शब्द गायब! मंजूर रजेपुढे हिरवा ठिपका, नामंजूर रजेपुढे पिवळा. लाल का नाही? तर म्हणे, लाल बघून माणसाचं मन दुखतं!

शिमग्यासाठी चाळीस जणांनी रजा मागितली होती. गुरुवारी संध्याकाळी तीनशे पेट्या मुंबईला जायच्या, म्हणून आप्पांनी पाच दिल्या आणि पस्तीस नाकारल्या.

गुरुवारी सकाळी शेडमध्ये माणसं मोजून पाच! गौरवने दोनदा मोजली.

"सोनूबाई, तुम्ही कशा आलात? तुमची रजा आहे ना?"

"कसली रजा? हिरवी हाय ती, कच्ची! कच्च्याचा काय भरवसा? आले मुकाट कामाला."

"आणि बाकीचे?"

"त्यांची पिकली. गेले पालखी नाचवायला!"

गौरवच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. जन्म आंब्यात काढलेल्या माणसांना हा हिरवा दाखवून 'जा' म्हणत होता! त्याने फोनांचा सपाटा लावला. एकट्या गंगारामने उचलला. "पालखी खांद्यावर हाय. खाली ठेवू काय?"

एवढ्यात आप्पा आले. सगळं ऐकून घेतलं, बाह्या सरसावल्या आणि स्वतःच पेट्यांत गवत अंथरायला बसले.

"साठ वर्षांत सडलेले आंबे पुष्कळ पाहिले, सडलेली अक्कल आज पाहिली! ट्रक उद्या रात्रीवर ढकललाय. तोवर हलायचं नाही."

"आप्पा, उद्या साखरपुडा आहे हो माझा! तुम्हीच रजा दिलीत!"

"दाखव."

गौरवने मोबाइल पुढे केला. आप्पांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"हिरवी दिसते. घाल अढीत. पिकली की जा!"

रडकुंडीला येऊन गौरवने सानिकाला लिहिलं, 'साखरपुडा आठ दिवसांनी केला तर चालेल?' लगेच उत्तर आलं. शब्द एकही नाही. नुसता पिवळा ठिपका!

त्याच्या हिशेबाने हा नकार. पण सानिकाच्या वडिलांची तर आंब्याची बाग! म्हणजे होकार? विचारायला फोन केला, तर तिने उचलला नाही. शेवटी त्याने ठिपका सोनूबाईंपुढे धरला.

"रंगावर काय जातोस, बाबा? आंबा वासावरनं कळतो. जरा हुंगून बघ!"

आणि खरं सांगायचं तर, गौरवने मोबाइल नाकाला लावलासुद्धा.