पोट का लघवी?

लग्नाच्या पंगतीत माणसं एकमेकांना काय विचारतात? पाऊसपाणी कसं, पोरं काय करतात, असंच काहीतरी. आमचे शेजारी नामदेवअण्णा विचारतात, "पोट का लघवी?" तेही मठ्ठ्याचा ग्लास हातात धरून. समोरचा बिचारा भाताचा घास तोंडात तसाच ठेवून बघत राहतो. चुकून कुणी "पोट" म्हणालं, की पुढचा प्रश्न, "बेंबीच्या वर का खाली?" आणि मग ग्लास बाजूला ठेवून अण्णा स्वतःच दाबून बघतात. माझ्या नणंदेच्या लग्नात त्यांनी व्याह्यांचं पोट दाबलं. भर मांडवात! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला.

अण्णा डॉक्टर नाहीत की कंपाउंडरही नाहीत. एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन अठरा वर्षं झाली. आता पंचाहत्तरी उलटली, त्यामुळे एसटीचा प्रवास फुकट. झालं! आमच्या कर्जतच्या गल्लीतल्या कुणालाही डॉक्टरांनी नगरला तपासणीला पाठवलं, की अण्णा टोपी घालून स्टँडवर हजर. बोलवावं लागत नाही. नको म्हटलं तरी येतात.

बरं, कुठली तपासणी करायची ते डॉक्टरांनी लिहून दिलं तरी अण्णांची मंजुरी लागतेच. त्यांचं सगळं गणित गाड्यांचं. "एक्स-रे म्हंजी आपली लाल गाडी. सोनोग्राफी निमआराम. सिटीस्कॅन म्हंजी एसी गाडी, लांबच्या पल्ल्याची. मिरजगावला जायाला एसी गाडी कशापायी, सांगा की!" समोरच्या काकूंना पित्ताशयाचा त्रास सुरू झाला, तर त्यांच्या सुनेने थेट सिटीस्कॅनचा हट्ट धरला. हा माणूस दारात आडवा. "पित्ताचा खडा सोनोग्राफीत धडधडीत दिसतो. सिटीत एखाद्या वक्ताला चकवा देतो." आणि डॉक्टरही नेमकं तेच म्हणाले! अण्णा सारखे चुकत असते तर मी केव्हाच दार लावून घेतलं असतं. वैताग हाच, की ते बऱ्याचदा बरोबर निघतात आणि मग महिनाभर ऐकवतात.

आमच्या ह्यांना मुतखड्याची कळ आली तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहिली, आणि हे हटून बसले. सोनोग्राफी म्हणजे गरोदर बायकांची तपासणी, आपण नाही त्या बाकावर बसायचं, दुकानातलं गिऱ्हाईक काय म्हणेल! कळा सोसवत नाहीत, कण्हतायत, पण अब्रू सांभाळतायत. मी तासभर डोकं फोडलं. अण्णा आले, मला बाजूला सारलं आणि म्हणाले, "राजाभाऊ, खडा बाई-बाप्या बघत न्हाई. उठा." हे उठले! बायकोचं नाही ऐकलं, अण्णांचं ऐकलं.

मूत्राशय भरलेलं असेल तर फोटो नीट येतो, म्हणून तपासणीआधी पाणी प्यायला सांगितलं होतं. शहाणा माणूस तिथे पोचल्यावर पाणी पाजेल. अण्णांनी कर्जतच्या स्टँडवरच सुरुवात केली. एक बाटली, लगेच दुसरी बाटली. मिरजगावला गाडी थांबली तसे हे उठले. अण्णांनी पाय आडवा घातला. "खाली बसा! इथवर आनलेलं पानी वाया घालवता व्हय?" रुईछत्तीशीला ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, खड्याची कळ आली. खड्याची नव्हती. नगरला पोचलो तर पुढे अकरा माणसं. चौथ्याचं नाव पुकारलं तेव्हा हे जे पळाले, ते मोकळे होऊनच आले. अण्णांनी कपाळाला हात लावला आणि तिसरी बाटली उघडली. बाकावरच्या गरोदर बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. खडा पुढे औषधाने पडला. ते हसणं मात्र ह्यांच्या मनातून अजून जात नाही.

तर असे हे अण्णा गेल्या थंडीत आमच्या दारात आले, आणि नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. चहा घेतला. मी शाळेच्या वह्या तपासत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "आमच्या एका वळखीच्याला लघवीतनं रगत जातंय. दुखत-बिखत काय न्हाई. डॉक्टरांनी सिटीस्कॅन लिवलाय, ते शिरंत रंगाचं औषध घालून करत्यात तसला. करावा का त्यानं?"

"अण्णा, न दुखता रक्त जाणं जास्त वाईट, हे अख्ख्या गल्लीला तुम्ही शिकवलंत, आणि आज मला विचारताय?" असं म्हणत मी वर बघितलं. अण्णांची नजर कपात. खिशातून एका चिठ्ठीचं टोक डोकावत होतं. मी सरळ ओढून घेतली. नाव अण्णांचंच, तारीख दीड महिन्यापूर्वीची.

माझं डोकंच फिरलं. "लोकांना फरफटत नेता, आणि स्वतःची चिठ्ठी खिशात घालून हिंडता? काही वाटतं का जिवाला?"

"गेल्तो की," अण्णा म्हणाले. "एकलाच गेल्तो. नंबर बी आला. काउंटरवरची पोरगी म्हनली, बाबा, औषध द्यायचं तर नातेवाइकाची सही लागती, कोन हाय संगं? मी म्हनलो, हायेत की, च्या प्यायला गेलेत. मंग जरा येळ बसलो, अन् आलो निघून."

"आणि संतोष?" संतोष त्यांचा मुलगा, पुण्याला असतो.

"त्याला केल्ता फोन. येतो म्हनला. सवड न्हाई त्याला. लई काम असतं."

अण्णांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. एवढी वर्षं हा माणूस आमच्या दुखण्यांमागे पळत होता, आणि तुमच्यासोबत कोण असतं, हे विचारायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. त्यांच्यावरचा राग तिथल्या तिथे माझ्यावरच उलटला. रडू यायला लागलं, म्हणून मी आणखी मोठ्याने ओरडले, "उद्या पहिल्या गाडीने निघायचं! आणि वाटेत पाणी मी सांगेन तेव्हाच प्यायचं!"

रिपोर्टचं आधीच सांगून टाकते, उगीच जीव टांगणीला नको. मूत्राशयात बोराएवढी गाठ निघाली. दुर्बिणीतून काढली. आता दर तीन महिन्यांनी आत बघावं लागतं, आणि मधल्या दिवसांत अण्णा लोकांची पोटं दाबत हिंडतात.

पण त्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. काउंटरवर मी फॉर्म ओढून घेतला आणि सही ठोकली. आत धातूचं काही चालत नाही, म्हणून अण्णांनी घड्याळ, किल्ली, चष्मा असं एकेक माझ्याकडे दिलं. मोबाईल देताना मात्र थांबले.

"संतोषला सांगितलंय, आज हाय म्हनून. फोन आला तर उचला. म्हनावं, आत गेलेत, काळजी करू नगंस."

मी तासभर तो फोन मांडीवर घेऊन बसले. आवाज मोठा केलेला आहे ना, ते दोनदा बघितलं. एकदा वाजला, मी झडप घातली, तर रिचार्जची जाहिरात करणारी बाई! तिला अशी झापली, की शेजारच्या बाकावरचं माणूस उठून लांब जाऊन बसलं.

अण्णा बाहेर आले, कोपरावर कापूस दाबून धरलेला. घड्याळ मागितलं नाही, किल्ली मागितली नाही.

"आल्ता का?"

खोटं बोललं म्हणून मी वर्गात पोरांना तास तास उभं करते. "आला होता," मी म्हटलं. "काळजीत होता. दोनदा विचारलं त्याने, दुखत तर नाही ना म्हणून."

"व्हय? मी म्हनलोच हुतो, करंल म्हनून."

मी फोन पुढे केला. अण्णांनी आधी चष्मा लावला, सावकाश, दोन्ही काड्या नीट कानांवर बसवून. मग फोन हातात घेतला, आणि न बघताच खिशात ठेवला.