टपावरचा मुक्काम

मोहितेकाकांच्या घरात दोन सागवानी पलंग आहेत. पलंगांवर गाद्या आहेत, गाद्यांवर धुतलेल्या चादरी आहेत, वर पंखा आहे. तरीही काका झोपतात ते घरासमोर गल्लीत उभ्या असलेल्या जुन्या जीपच्या टपावर.

टपावर त्यांनी तंबू बसवून घेतला आहे. दिवसा तो चपट्या पेटीसारखा दिसतो. ऊन उतरलं की काका कड्या सोडतात, झाकण वर उचललं जातं, चारी बाजूंनी कापड ताणलं जातं आणि जीपच्या डोक्यावर एक खोली उभी राहते. मग बाजूला शिडी लावायची. शिडी लागली की माधवगंजच्या आमच्या गल्लीतून स्कूटर जाते, टेम्पो जात नाही. टेम्पोवाला थांबतो, वर बघतो आणि रोज तेच विचारतो, "अंकल, हौदा तो आ गया, हाथी कब आएगा?"

काका वरूनच उत्तर देतात, "हाथी पानी पीने गया है. तुम पीछे लो."

गल्लीत त्यांना सगळे हौदेवाले काका म्हणतात.

मी त्यांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्याने राहतो. माझं गाव महाराष्ट्रातलं, तालुक्याचं. वडील शिंपी. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि त्या पदवीच्या जोरावर सरकारी नोकरी लागली ती थेट ग्वाल्हेरला. खोली शोधत फिरत होतो तेव्हा एका दारावर 'मोहिते' अशी पाटी दिसली आणि मी उगाचच बेल वाजवली. काकांनी दार उघडलं, माझं मराठी ऐकलं आणि खोली दाखवायच्या आधी जेवायला बसवलं. ते मी विसरलेलो नाही. म्हणून पुढे वाचताना कुठे हसू आलं तर त्यामागे आपुलकी आहे, एवढं समजून घ्यावं.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले. काकांना त्याचा अभिमान आहे, पण त्यांचा इतिहास चहा संपायच्या आत संपतो. "हे बघ दिलीप, आपल्या या भागाचं नाव लष्कर. लष्कर म्हणजे काय? छावणी. आपले लोक इथे तंबू ठोकून बसले आणि उठलेच नाहीत. नंतर तंबूंच्या जागी भिंती झाल्या, इतकाच फरक. मी काय वेगळं केलं? तंबू खालून वर नेला."

त्यांचं मराठी इथल्या पाण्यातलं आहे. "मला पता नाही" म्हणतात, "तू फालतूत परेशान होऊन राहिला" म्हणतात. सुरुवातीला मला ते दुरुस्त करावंसं वाटे. आता आई फोनवर मलाच विचारते, "काय रे, तू असा अर्धा हिंदीत का बोलतोस?"

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "पहिले वर चढून बघा, मग बोला." ते तंबूवरून निघालं, पण आता कशालाही चालतं. गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, या वयात शिडी नको. काका म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पहिले वर चढून बघा, मग बोला." भाजीवाल्याने दुधी कोवळा आहे म्हणून शपथ घेतली, तरी काकांचं उत्तर तेच. भाजीवाला गोंधळून हातगाडीवर चढायच्या बेतात होता.

मालतीकाकू ठेंगण्या, हसऱ्या. रोज सकाळी मी जिना उतरलो की विचारतात, "पाव्हणे, कुणाकडे आलात?" पहिला महिनाभर मला ही इथली विनोदाची तऱ्हा वाटली. मीही रोज सांगत असे, "तुमच्याकडेच आलोय, काकू." मग एकदा काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "विसरते ती. डॉक्टर म्हणाले, वाढतच जाणार." एवढं बोलून ते जीपच्या काचा पुसायला गेले.

तरी काकूंची एक थट्टा गल्लीत प्रसिद्ध होती. संध्याकाळी त्या दारात येऊन हाक मारत, "ड्रायव्हर, गाडी लावली का?" काका खुंटीवरची खाकी टोपी डोक्यावर चढवत, ताठ उभे राहत आणि सलाम ठोकत. "लावली, बाईसाहेब." समोरचा पानवाला हात थांबवून हसे. मीही हसे. या वयात नवराबायकोचं असं जमलेलं बघून बरं वाटायचं.

आमच्या ऑफिसात तोमरसाहेब म्हणून आहेत. मोबाइलवर गाड्यांच्या टपावरच्या तंबूंचे व्हिडिओ बघून त्यांना वेड लागलं होतं. डोंगर, धुकं, तंबूच्या दारात कॉफीचा कप. असा तंबू घ्यावा की नाही हे विचारायला ते एका रविवारी बेडईच्या पुऱ्या आणि जलेबी यांचा पुडा घेऊन काकांकडे आले. बोलणं हिंदीत झालं, मी मराठीत देतो.

"उन्हाळ्यात कसं असतं?" तोमरसाहेबांनी विचारलं.

"भट्टी," काका म्हणाले.

"आणि जानेवारीत?"

"कापड आतून ओलं होतं. पहाटे नाकावर थेंब पडतात."

"गाडीवर काही परिणाम?"

"डिझेल जास्त पिते. वळणावर झुलते. किल्ल्याकडे एका ठिकाणी आडवा बार आहे, त्याखालून जात नाही. बाजारात जायचं तरी हे घर डोक्यावर घेऊन जावं लागतं. जमिनीवरच्या तंबूचं कसं, तो ठेवून गाडी घेऊन फिरून येता येतं."

तोमरसाहेबांच्या हातातली जलेबी थांबली. "आणि रात्री खाली उतरायचं झालं तर?"

"उतरता येत नाही. शिडी मी वर ओढून घेतो. कोणाला उतरायचं असेल तर पहिले मला उठवावं लागतं."

"ही तर मोठी खराबी झाली."

"हीच तर खूबी आहे," काका म्हणाले.

"बरं, कुठे कुठे जाऊन आलात?"

"झाशी, दतिया, शिवपुरीकडचा कालवा."

"जागा कशा होत्या?"

काकांनी पुडा तोमरसाहेबांकडे सरकवला. "एकही बरोबर निघाली नाही."

"मग मी घेऊ की नको?"

"पहिले वर चढून बघा, मग बोला."

तोमरसाहेब काही वर चढले नाहीत. कोपऱ्यापर्यंत मी त्यांना सोडायला गेलो. तिथे ते म्हणाले, "दिलीपजी, आपके काका का पेंच थोड़ा ढीला है." झाशी आणि दतियात बरोबर काय निघायला हवं होतं ते मलाही कळलं नव्हतं.

दिवाळीनंतर काकांचा मुलगा पुण्याहून आला. अजय स्वभावाने चांगला, पण आल्या आल्या त्याची नजर शिडीवर गेली. "बाबा, आईला तुम्ही यावर चढवता? पडली तर?"

"वर चढून बघ, मग बोल."

"पुरे आता. लोक हसतात तुम्हाला. उद्या मिस्त्री बोलावून हे काढायचं आणि आईला घरात झोपवायचं. दाराला आतून कुलूप लावू." त्याने जीपची आणि तंबूच्या कड्यांची अशा दोन्ही किल्ल्या खिशात टाकल्या. काका भांडले नाहीत.

त्या संध्याकाळी तंबू उघडला नाही. मला चहाला बोलावलं होतं म्हणून मी खालीच होतो. घरात दिवे लागले आणि काकू आतल्या खोलीतून बाहेर आल्या. पायात चपला, काखेत गाठोडं. गाठोड्यातून कंगवा डोकावत होता.

"चला," त्या म्हणाल्या. "उशीर झाला. घरी जायचंय."

"आई, घरीच आहेस तू," अजय म्हणाला. त्याने त्यांना हाताला धरून सगळं दाखवलं: दारावरची पाटी, देवघर, भिंतीवरचा लग्नातला फोटो. काकूंनी सगळं नीट बघितलं. पाहुण्या बाईने बघावं तसं.

"छान आहे हो तुमचं घर," त्या म्हणाल्या. "पण आता मला जाऊ द्या."

अजयने कडी लावली आणि कुलूप घातलं. मग जे झालं ते लिहायला जड जातं. काकू दारावर थापा मारू लागल्या. हातातल्या बांगड्या काढायला लागल्या. "एवढ्याच आहेत माझ्याकडे. घ्या, पण मला कोंडू नका. कुणीतरी पोचवा हो मला." ज्याला त्या बांगड्या देत होत्या तो त्यांचा मुलगा होता. अजय भिंतीला टेकून उभा राहिला.

काका उठले. त्यांनी अजयपुढे हात केला. अजयने दाराच्या किल्लीसकट सगळ्या किल्ल्या त्या हातावर ठेवल्या. काका कुलूप काढून बाहेर गेले. कड्यांचा आवाज झाला, शिडी लागल्याचा आवाज झाला. मग डोक्यावर टोपी घालून ते दारात आले.

"बाईसाहेब, गाडी लागली."

काकूंचं रडणं थांबलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं. "किती वेळ लावलात ड्रायव्हर! हे लोक मला सोडेनात."

"चूक झाली, बाईसाहेब."

काकू शिडी चढल्या. त्यांच्या मागोमाग काका, दोन्ही हात त्यांच्या दोन्ही बाजूंना शिडीवर, पायरीगणिक थांबत. खाली अजयने शिडी धरली होती. पांघरूण आणि पाण्याची बाटली घेऊन मी शेवटी चढलो. इतके महिने ते वाक्य ऐकत होतो, पण वर मी पहिल्यांदाच गेलो.

आत एक गादी, बॅटरीचा छोटा दिवा, कापडी खिशात काकूंचं कुंकू. काकू खिडकीची जाळी वर करून गल्ली बघत बसल्या होत्या. थोड्या वेळापूर्वी दारावर थापा मारणारी बाई ती हीच, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

"पोचायला अजून किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"आज इथे मुक्काम, बाईसाहेब. उजाडलं की निघू."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांनी गाठोडं उशाशी घेतलं.

काका दाराशी पाय सोडून बसले होते. माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "सगळीकडे नेऊन आणली. झाशीला तिचं माहेर होतं, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. दतियात आमचं पहिलं बिऱ्हाड. कालव्यावरचं क्वार्टर. प्रत्येक ठिकाणी म्हणाली, हे नाही. हॉटेलात तर रात्री उठून बाहेर निघून जायची. म्हणून हे घेतलं." त्यांनी तंबूच्या कापडावर हात फिरवला. "घरात असलं की विचारते, मला घरी का नेत नाही? तिला काय सांगू? इथे सांगता येतं. वाटेत आहोत म्हणून."

मी उतरायला निघालो तशी काकूंनी मला जवळ बोलावलं. काकांकडे डोळ्यांनीच खूण करून कानाशी म्हणाल्या, "ड्रायव्हर फार चांगला माणूस आहे. घरी पोचले की आमच्या यांना सांगून त्याला काहीतरी द्यायला लावते." मग एकदम काळजीने, "पाव्हणे, तुम्ही पुढे चाललात ना? यांना निरोप द्याल? मी वाटेत आहे, जेवायला थांबू नका म्हणावं. मी नसले की हे जेवतच नाहीत."

ड्रायव्हर हातभर अंतरावर बसला होता. त्याने अजून टोपी काढली नव्हती.

"देतो, काकू," मी म्हणालो.

अजयने मिस्त्री बोलावला नाही. सकाळी तो बाजारात जाऊन सायकलची जुनी ट्यूब घेऊन आला आणि पाय घसरू नये म्हणून शिडीच्या प्रत्येक पायरीला ती घट्ट गुंडाळत बसला. पुण्याला जायच्या दिवसापर्यंत रोज संध्याकाळी शिडी तोच धरत होता.

तोमरसाहेबांना मी सांगितलं की तुम्ही घेऊ नका. तिघऱ्याच्या धरणाकाठी एखादी रात्र काढायला जमिनीवरचा साधा तंबू पुरतो, आणि मनात येईल तेव्हा बाहेरही पडता येतं. त्यांना ते पटलं.

त्या रात्रीनंतर उजाडलं तेव्हा काकू ओसरीवर चहा घेत होत्या आणि काका तंबू मिटत होते. मी जीपजवळ गेलो.

"काका, काकूंचा निरोप आहे."

"कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. वाटेत आहेत म्हणाल्या. जेवायला थांबू नका."

काकांनी झाकण दाबून धरलं होतं. त्यांनी एक कडी लावली, मग दुसरी. दुसरी नीट बसेना, ती पुन्हा काढून लावली. टोपी काढून हातात घेतली.

"तिला सांग," ते म्हणाले, "मी थांबतो म्हणावं."