आधी आत

डॉक्टर भिसे कुणाच्याही घरी गेले, की समोर आलेल्या पाण्याच्या तांब्याला हातसुद्धा लावायचे नाहीत. "आधी आत," म्हणायचे. म्हणजे आधी घरातल्या बाईने प्यायचं, मग डॉक्टर पिणार. घरात बाळंतीण असली तर स्वतःच तांब्या घेऊन खोलीच्या दारात उभे राहायचे आणि तो रिकामा झाल्याशिवाय हलायचे नाहीत.

एकदा एका सडाफटिंग तलाठ्याने त्यांच्यापुढे पाणी ठेवलं.

"आधी आत."

"डॉक्टर, आत घुशीच आहेत."

"मग तुम्ही प्या," म्हणाले, आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्याकडे टक लावून बसले.

सत्तरच्या सुमारास मी कर्जतला भाताच्या गिरणीत मॅनेजर होतो आणि डॉक्टरांच्या शेजारीच आमचं बिऱ्हाड होतं. माणूस तिरसट. तापाच्या रोग्याला दोन वाक्यांत वाटेला लावायचे. पण कुठे पाळणा हलल्याचं कानावर आलं की सायकल काढून निघालेच, बोलावणं असो वा नसो. बारशाला बाळासाठी काही नाही. बाळाच्या आईला पितळेचा तांब्या. भांडेवाला त्यांना लांबून बघूनच तांब्या पुसायला घ्यायचा.

आमच्या भागात तेव्हा बाळंतिणीला पाणी द्यायचे नाहीत. शेक, धुरी, कान बांधलेले, आणि फारच तहान लागली तर ओठ ओले होतील एवढा घोट. सासवा हे अगदी मायेने करायच्या. यावरून डॉक्टरांचं आणि ठकूबाई सुईणीचं हाडवैर होतं.

"वल्या बाळंतिनीला पानी दिलं तर प्वाट सुटतं, डाक्तर. आमी काय आज करतोय का ह्ये?"

"पोट सुटलं तर सुटू दे. जीव सुटायला नको."

"माज्या हातात कुनी मेली नाय."

यावर डॉक्टर एकदम गप्प व्हायचे. ठकूबाई जिंकली, असं आम्ही समजायचो आणि हसायचो.

एका सकाळी कळंबचा धोंडू धापा टाकत दवाखान्यात आला. आमच्या गिरणीचं जुनं गिऱ्हाईक, म्हणून मीच त्याला आत नेला. त्याची सून सुमन नुकतीच बाळंत झाली होती.

"डोकं दुकतंय म्हनत व्हती. वकली पन. आता निस्ती झोपून हाय. हाक मारली तर हूं करते नि परत झोपते. म्हातारी म्हनते बाहेरचं हाय."

डॉक्टर रोगी तसेच टाकून उठले. टेंपो गिरणीचा, तेव्हा मीही बरोबर.

खोलीत धुरीने डोळे चुरचुरत होते. "दमलीया पोर, झोपू द्या तिला," सासू म्हणाली.

"ही झोप नाही," डॉक्टर ओरडले. त्यांना असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी सुमनच्या पापण्या उघडल्या, छोट्या बॅटरीने डोळ्यांत बघितलं. "वर बघ, बाय," म्हणून गालावर चापट्या मारल्या. तिची नजर वर जाईना.

"पाण्यावाचून रक्त दाटून मेंदूच्या पार आतल्या शिरेत गोठलंय. झटका आहे हा."

"अर्दांग? तिचं हातपाय तर हालतात," धोंडू म्हणाला.

"हा आतला. हा हातपाय धरायच्या आधी झोप धरतो. हजारात एखादीला होतो की दहा हजारात, कोण जाणे. तुझ्या घरात झालाय."

सासू घाबरून तांब्याभर पाणी घेऊन धावत आली. डॉक्टरांनी तिचा हात धरला. "आता तोंडाने नको. ठसका लागेल." त्यांना बाळंतिणीचं पाणी अडवताना मी पहिल्यांदाच पाहिलं. सलाइन लावलं आणि टेंपोत बाटली वर धरून ते मुंबईपर्यंत उभे राहिले.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात एक तरुण डॉक्टर म्हणाला, बाळंतपणानंतर असा भ्रम होतो, उतरेल. आमच्या तिरसट डॉक्टरांनी त्या पोरसवदा डॉक्टरपुढे हात जोडले. "शिरेत रंग सोडून डोक्याचा फोटो काढा. मी पाया पडतो तुमच्या." फोटोत आतली शीर दिसलीच नाही, बंद होती. रक्त पातळ करायचं औषध द्यावं की नाही, यावर मोठे डॉक्टर बराच वेळ थांबले, कारण त्याने मेंदूत रक्तस्राव व्हायचीही भीती होती. शेवटी दिलं.

काही दिवसांनी मी धोंडूला आणि डॉक्टरांना घेऊन तिला बघायला गेलो. सुमन उशीला टेकून बसली होती. धोंडूकडे बघून म्हणाली, "मामा, पानी."

डॉक्टरांनी ते पाजलं आणि बाहेर येऊन बाकावर बसले.

"माझ्या घरी हेच झालं होतं," ते म्हणाले. "मी नुकताच डॉक्टर होऊन आलो होतो. बायको बाळंत झालेली. ती पाणी मागायची आणि मी म्हणायचो, आई सांगते ते ऐक. मग ती झोपायला लागली. मला बरं वाटलं. म्हटलं, तहान विसरली. अंगणात पोरं खेळत होती, ती मी हाकलली. दार माझ्या हाताने लोटून घेतलं. तिला शांत झोप लागावी म्हणून."

ठकूबाईच्या 'माज्या हातात कुनी मेली नाय' या वाक्यावर ते का गप्प व्हायचे, ते मला तिथे कळलं. इतकी वर्षं हसलो याची फार लाज वाटली.

त्या बाळंतपणातली त्यांची मुलगी आजोळी वाढली आणि तिथलीच झाली. वर्षातून एकदा यायची, पाहुण्यासारखी. शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांचं सगळं आमच्याकडूनच व्हायचं. एका दुपारी माझी बायको त्यांना पेज आणि पाणी घेऊन गेली. ओठ कोरडे पडले होते, तरी त्यांनी मान फिरवली.

"आधी आत."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आतल्या खोलीत कुणी नव्हतं, कित्येक वर्षं नव्हतं. ती तांब्या घेऊन आत गेली. थोडा वेळ थांबली. मग बाहेर येऊन त्यांच्या उशाशी बसली.

"प्यायल्या," म्हणाली.

तेव्हा डॉक्टरांनी तोंड उघडलं.