साम्राज्याची एकादशी

राज्य कसं चालवावं हे मला कोणी विचारत नाही, हीच या देशाची मोठी अडचण आहे! विचारलं असतं तर मी बसल्या बसल्या सांगितलं असतं. तीस वर्षं कीर्तनं ऐकतोय! सदर भागातल्या कचेरीतून सुटलो की घरी चहा, आणि चहा झाला की मंदिराचा सभामंडप. पूर्वरंगात मला कधीमधी डुलकी लागते, नाही म्हणत नाही. पण उत्तररंगात बुवांनी आख्यान लावलं, की माझ्याइतका जागा श्रोता अख्ख्या नागपुरात मिळायचा नाही. आणि आख्यानात कोण येतं? राजे! कोठार उघडून प्रजेला लुटू देणारे राजे, देवासाठी सिंहासन सोडणारे राजे, कपाळावर बुक्का आणि डोळ्यांत पाणी घेऊन दरबारात बसणारे राजे. इतके राजे मी पहिल्या रांगेत बसून जवळून पाहिलेत, की राज्यकारभार हा मला घरच्यासारखा झालाय.

त्यामुळे गेल्या साली आमच्या घरी साम्राज्य आलं तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही.

साम्राज्य आलं ते सायकलच्या कॅरिअरवर, जुन्या चादरीत बांधून. आमची उत्तरा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या डेहनकर सरांच्या भावाने परदेशातून एक कॉम्प्युटर पाठवला होता. दिसायला अर्ध्या पेटीएवढा. पण भाता नाही, सूर नाही, नुसत्या पट्ट्या! तो टीव्हीला जोडायचा. सरांनी त्यात स्वतः एक खेळ लिहिला होता. जुन्या काळातलं आठ सुभ्यांचं साम्राज्य आणि खेळणारा त्याचा राजा. यंत्र प्रत्येक डावाला विचारणार: प्रजेला खायला किती पोती? पेरायला किती? विकायचं काय, घ्यायचं काय? असे तीस डाव. दोघा विद्यार्थ्यांना एकेक आठवडा यंत्र घरी मिळणार, आणि शेवटच्या दिवशी सर घरी येऊन राज्य बघणार. ज्याचं राज्य उत्तम, त्याला पुण्याला दोन महिन्यांचं शिक्षण. जागा एकच!

त्या एका जागेसाठी आमच्या पोरीने आठवडाभर केस विंचरले नव्हते. आधीचा गिरिधर नावाचा मुलगा चार हजार प्रजेपर्यंत पोचला होता. उत्तराची प्रजा तीन हजार दोनशे, पण कोठारात वीस हजार पोती! शेवटच्या सात डावांत त्याला मागे टाकणार, असं तिने वहीत मांडून ठेवलं होतं.

शेवटचा दिवस उजाडला. सुट्टी होती. चोविसाव्या डावावर राज्य थांबवून ती उठली आणि म्हणाली, "बाबा, आपला टेपरेकॉर्डर कुठाय? वीज गेली तर सगळं पुसलं जाईल. कॅसेटवर उतरवून ठेवते."

मी खाकरलो. टेपरेकॉर्डर आदल्या संध्याकाळी मी कीर्तन टेप करायला नेला होता, आणि बुवांना स्वतःचं कीर्तन ऐकायचं होतं म्हणून त्यांच्याकडेच ठेवून आलो होतो.

तिने वही मिटली. सायकल काढली आणि दारातून एवढंच म्हणाली, "बाबा, हात लावायचा नाही. वायरीला नाही, बटणाला नाही. बघायचंसुद्धा नाही!"

आता, बघू नको म्हटलं की माणूस काय करतो?

पडद्यावर प्रश्न लुकलुकत होता: प्रजेला खायला किती पोती? इंग्रजीत होता, पण कचेरीत जन्म गेल्यावर एवढं कळतं. चष्मा मात्र कीर्तनाच्या पिशवीत, पिशवी टेपरेकॉर्डरजवळ. मोठी अक्षरं दिसत होती, बारीक दिसत नव्हती. वरच्या कोपऱ्यात मोठ्ठा आकडा: चोवीस. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. चोवीस तारीख!

"तारा, बघ गं! यंत्राला तारीखसुद्धा कळते!"

"अहो, ती नको म्हणाली ना?" आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

"अगं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे! आणि कोणी दारात येऊन विचारतंय, ताटकळत उभं आहे, आणि आपण गप्प बसायचं? मला नाही जमत."

आणि मग माझ्या लक्षात आलं. चोवीस तारीख म्हणजे आज एकादशी! मी सकाळपासून उपाशी, तारा उपाशी, आणि आमच्या छपराखालची तीन हजार दोनशे प्रजा भात ओरपणार? माझ्या राज्यात? छे!

मी शून्य दाबलं.

यंत्राने विचारलं, नक्की? बिचारं गहिवरलं असेल! मी 'हो' म्हटलं. मग विचारलं, पेरायला किती? म्हटलं, आज बैलांनाही विश्रांती. शून्य! यंत्र थोडं कण्हलं, पडदा काळा झाला आणि वर आकडा आला: पंचवीस.

"बघ! दुसरा दिवस उजाडला!"

तारा पदराला हात पुसत आली. "आणि हे सातशे काय?"

"प्रजा."

"तीन हजार होती ना?"

"असेल रामटेकला गेलेली," मी म्हणालो. "एकादशीचं घरात कोण बसतं?"

तेवढ्यात शेजारचे रुपराव आले. रुपराव मूळचे मौद्याकडचे, घरची शेती सोडून नोकरीला लागलेले. पण नोकरी फक्त हातापायांत उतरली, डोकं अजून बांधावरच. खुर्ची ओढून बसले.

"काय करून राहिले गा, गोपाळराव?"

"राज्य! आज द्वादशी. प्रजेचं पारणं सोडवतो. कोठारात वीस हजार पोती आहेत, सगळी महाप्रसादाला!"

"सगळी? अन् बियाणं?"

"तेही!"

रुपराव उभेच राहिले. "बियाणं काहून वाटून राहिले बाप्पा? पेरसान काय मंग?"

"रुपराव, कोठार उघडताना मापं मोजायची नसतात. आख्यानात ऐकलं नाही?"

"आख्यानातल्या राजाले देव येऊन कोठी भरून देते. तुमच्या ह्या डब्यात देव हाये काय?"

"भाव ठेवा, रुपराव!"

"भाव ठेवतो, पन बियाणं बी ठेवा! आमच्या बापानं असं केलेलं पाहिलं असतं, तर मले वावरातून हाकललं असतं!"

पण मी वीस हजार पोती वाटली. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! सातशे माणसं आणि वीस हजार पोती! त्या पारण्याची पंगत मला डोळ्यांपुढे दिसत होती. कडेकडेने रांगोळ्या, मधून वाढपी धावताहेत, कोणी नको म्हणत असताना द्रोणात आणखी तूप पडतंय.

सव्वीस. प्रजा सातशे, कोठार रिकामं. प्रजेला किती?

"आता काय देता?" ताराने विचारलं.

"आज काही नको. काल एवढं जेवलेत, पोटाला थोडा आराम बरा."

शून्य दाबलं. आणि यंत्राने असा लांबलचक सूर धरला, की साथीच्या पेटीवर कोणी बसलंच असावं! वर सत्तावीस, खाली प्रजा: अकरा.

"एकदम अकरा कसे हो?" तारा म्हणाली.

तेवढ्यात दारात सायकल वाजली.

उत्तरा टेपरेकॉर्डर छातीशी धरून आत आली, पडद्याकडे बघितलं आणि तिथेच थांबली.

"बाबा, हे अकरा काय आहे?"

"प्रजा."

"तीन हजार दोनशे होती."

"आज एकादशी आहे ना, बेटा."

"कुठे?"

"इथे. म्हणून म्हटलं, तिथेही."

तिने टेपरेकॉर्डर हळूच खाली ठेवला. "बाबा, तो आकडा तारीख नाहीये. एक डाव म्हणजे एक वर्ष!"

एक वर्ष! मी मनातल्या मनात हिशेब केला. तीन हजार दोनशे माणसांना मी बारा महिने एकादशी घडवली होती! मग एकदा जेवू घालून पुन्हा बारा महिने पोटाला आराम!

"वर्षभर?" ताराने कपाळाला हात लावला. "अहो, निदान साबुदाणा तरी द्यायचा!"

"यंत्रात साबुदाणा नव्हता गं!"

रुपराव म्हणाले, "मी सांगून राहिलो होतो, बियाणं ठेवा म्हनून."

उत्तरा भिंतीला टेकून खाली बसली आणि गुडघ्यात तोंड घातलं. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. तारा तिच्या केसांवरून हात फिरवायला लागली. आख्यानात लेकरू रडलं की मी उपरण्याने डोळे पुसतो आणि घरी येऊन शांत झोपतो. इथे उपरणं हातातच राहिलं. त्या पोरीची पुण्याची जागा मी खाल्ली होती, आणि तीही उपासाच्या दिवशी!

पाचला सर येणार होते. मी पावणेपाचलाच फाटकात जाऊन उभा राहिलो. ठरवलं होतं, आडपडदा ठेवायचा नाही. सर आले, चपला काढायला वाकले आणि मी हात जोडले.

"सर, पोरीचा दोष नाही. माणसं मी मारली!"

सर चपलेसकट दोन पावलं मागे गेले.

"उपाशी ठेवून मारली, सर," मागून रुपराव म्हणाले. "मी समोरच होतो."

त्यांना आत आणायला दोन मिनिटं आणि एक ग्लास पाणी लागलं. मग सगळी हकीकत ऐकून त्यांनी पडद्यावरचा आकडा पाहिला. मग माझ्याकडे बघितलं, आणि खोटं सांगत नाही, त्या नजरेत आदर होता.

"गोपाळराव, मी यात दुष्काळ घातलाय, टोळधाड घातलीय, परचक्र घातलंय. तीन वर्षांत एवढं काम त्यातल्या एकालाही जमलेलं नाही!"

उत्तराने डोळे पुसले. "सर, चार डाव राहिलेत. खेळू?"

"अकरा माणसांवर?"

"हो."

ती बसली. पहिल्याच फटक्याला तिने आठापैकी सात सुभे शेजारच्या राजाला विकून टाकले!

"अगं, साम्राज्य!" मी ओरडलो.

"अकरा माणसांना आठ सुभे कशाला, बाबा?"

त्या पैशात तिने धान्य घेतलं. खायला मोजून, बाकी सगळं बियाणं. रुपरावांनी मांडीवर थाप मारली, "आता कशी बोलली! वावर हाये तेवढंच पेर, पोरी!" एकोणतिसाव्याला कोठारात पीक आलं आणि पीक आलं तशी बाहेरची माणसं राहायला आली. तिसाव्याला प्रजा शहाण्णव, कोठार अर्धं भरलेलं, पुढच्या सालचं बियाणं बाजूला.

सरांनी खिशातून चिठ्ठी काढली. "गिरिधरची प्रजा चार हजार. पण त्याने शेवटी आकडा फुगवायला बियाणंसुद्धा खाऊ घातलं. एकतिसावा डाव असता तर त्याचं राज्य तुझ्या वडिलांच्या वाटेनेच गेलं असतं." त्यांनी चिठ्ठी घडी करून ठेवली. "सामान बांध, उत्तरा. पुण्याला खूप थंडी नसते."

तारा देवापुढे साखर ठेवायला धावली. आणि मघापासून कोपऱ्यात पाहुण्यासारखं बसलेल्या मला एकदम कंठ फुटला!

"पाहिलंत? श्रद्धेने केलेला उपास वाया जात नाही! सगळे गेले, पण देवाने अकरा भक्त राखले. त्यांच्याच पुण्यावर हे राज्य उभं राहिलं!"

सर खाकरले. "तसं नाही, गोपाळराव. खेळ लिहिताना मी एक गोष्ट धरली होती. कोणत्याही राज्यात हजारी तीन-चार माणसं अशी असतातच, की ती राजाचा हुकूम मानत नाहीत. घरात लपवून ठेवतात आणि चोरून खातात."

"म्हणजे ते अकरा..."

"दोन्ही वर्षं जेवत होते, बाबा," उत्तरा म्हणाली.

"आणि ज्यांनी भावाने उपास केला?"

"ते पहिल्या झटक्यातच गेले."

मंडळी, मी श्रद्धाळू माणूस आहे, एकादशी अजूनही सोडत नाही. पण त्या साम्राज्याचे मूळ पुरुष एकादशीला चोरून जेवणारे निघाले, आणि माझी पोरगी त्यांच्याच जिवावर पुण्याला शिकून आली, हे मी बुवांना अजून सांगितलेलं नाही!